फ्रीव्हील जाम

चंद्रपुरात सायकल घेणं ही खासगी बाब नाही. मोटार घेतली तर लोक हप्ता विचारतात, प्लॉट घेतला तर भाव विचारतात. पण पन्नाशी ओलांडलेल्या, पोट सुटलेल्या, महिन्याच्या महिन्याला पगार होणाऱ्या माणसाने सायकल घेतली की गल्ली आधी तब्येतीची चौकशी करते. ‘शुगर निघाली का?’ हा पहिला प्रश्न. ‘डॉक्टरनं सांगतलं का?’ हा दुसरा. माझी शुगर निघाली नव्हती. माझा पुतण्या निघाला होता.

हा पुतण्या पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. दिवाळीला आला तेव्हा फराळाच्या ताटावरच त्याने मोबाईलमध्ये एक व्हिडिओ दाखवला. न्यूयॉर्कच्या रस्त्यावर पाठीला थैली अडकवलेली पोरं मोटारींच्या फटींतून सायकली काढत होती. त्या सायकलींना गिअर नव्हते, मडगार्ड नव्हतं, स्टँड नव्हता, घंटी नव्हती आणि डोळे बारीक करून पाहिलं तर ब्रेकही नव्हता.

‘काका, ही फिक्सी. फिक्स्ड गिअर,’ पुतण्या म्हणाला. मग त्याने समजावून सांगितलं. आपल्या साध्या सायकलीच्या मागच्या चाकात फ्रीव्हील असतं. पाय थांबवले तरी चाक आपलं फिरत राहतं आणि आपण टिकटिक ऐकत उतार उतरतो. फिक्सीत ती भानगड नाही. मागचं दातेरी चक्र थेट हबला आवळलेलं. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, पायडल फिरतंय तोवर पाय फिरणार.

‘मग थांबायचं कसं?’

‘पायानेच उलटा जोर लावायचा. काका, यात सायकल आणि माणूस एक होतात.’

या शेवटच्या वाक्याने घात केला. नोकरीत आणि संसारात इतकी वर्षं काढूनही आपण कशाशी एक झाल्याचं मला आठवत नव्हतं. सायकलीशी व्हायला काय हरकत होती?

पुतण्याकडे माहितीची कमी नव्हती. वेलोड्रोमवर, म्हणजे शर्यतीच्या त्या कलत्या गोल धावपट्टीवर, अजूनही हीच सायकल चालते, तीही बिनब्रेकची. सगळे एकाच दिशेने पळत असतात, मध्येच कोणी थांबत नाही, म्हणून तिथे ब्रेक असणंच धोक्याचं. जपानात 1948 पासून केइरिन नावाच्या शर्यती अशाच सायकलींवर होतात आणि लोक त्यावर रीतसर पैसे लावतात. फ्रान्सच्या प्रसिद्ध ‘टूर’मध्ये तर 1937 पर्यंत चालत्या सायकलीवर गिअर बदलायला परवानगीच नव्हती. चढ आला की गडी खाली उतरायचे, मागचं चाक काढायचे, उलटं करून दुसऱ्या बाजूच्या चक्रावर साखळी चढवायचे आणि पुन्हा निघायचे. मी भारावून ऐकत होतो. आपल्या नागपूरचे डॉ. अमित समर्थ 2017 मध्ये सायकलवर एकट्याने अमेरिका आडवी पार करून आले, हे मला आधीच ठाऊक होतं. नागपूरचा माणूस अमेरिका पार करतो, तर चंद्रपूरच्या माणसाने निदान जटपुरा गेट पार करावं, असा मी हिशेब केला. समर्थांच्या सायकलीला गिअर होते, ही माहिती पुतण्याने पैसे भरून झाल्यावर दिली.

निवड करायला मी चांगला वेळ घेतला. फिक्सी दोन प्रकारे मिळते. एक म्हणजे जुनी फ्रेम शोधायची, हब मागवायचा, चाकं विणून घ्यायची आणि सुटे भाग जुळवत बसायचं. दुसरी म्हणजे सरळ तयार सायकल घ्यायची. पहिल्या प्रकाराला अक्कल लागते, म्हणून मी दुसरा निवडला. तयार फिक्सींचा अभ्यास करताना एक नियम ध्यानात आला. सायकलीतून जसजशी एकेक वस्तू कमी होत जाते, तसतशी किंमत वर चढते. परदेशी नावाच्या, अंगावर जवळजवळ काहीच नसलेल्या सायकली माझ्या आवाक्याबाहेर होत्या. परवडणाऱ्यांपैकी जी मला भावली, तिची किंमत साध्या काळ्या सायकलीच्या जवळपास तिप्पट होती. रंग मात्र हळदीचा पिवळा होता.

सौभाग्यवतींनी फोटो पाहिला. त्यांनी सायकल पाहिली नाही, सायकलीवर काय नाही ते पाहिलं.

‘मडगार्ड नाही, कॅरिअर नाही, स्टँड नाही, चेनकव्हर नाही. त्याचे किती कमी केले?’

‘कमी नाही, उलट जास्तच आहेत.’

‘म्हणजे काढून घ्यायचे पैसे लावतात?’

या प्रश्नाचं उत्तर मला तेव्हा सुचलं नाही. पुतण्याला फोनवर विचारलं, तर तो ‘मिनिमलिझम’ म्हणाला. ते उत्तर मी घरात आणलं नाही.

घरात जागा करायची म्हणून वडिलांची जुनी अ‍ॅटलास मी भंगारवाल्याला देऊन टाकली. सोनिपतच्या कारखान्यातून आलेली, दांडीच्या ब्रेकची, वीस किलोच्या वर भरणारी सायकल. वडील तिच्यावर पुढच्या दांडीवर मला, कॅरिअरवर तांदळाचा कट्टा आणि हँडलला दोन थैल्या घेऊन बाजारातून येत. भंगारवाल्याने तिला काट्यावर टांगलं, किलोच्या भावाने पैसे दिले आणि जाताना तिच्यावर बसून गेला.

नवी सायकल खोक्यातून आली. खोक्यावर छापलं होतं की ती 85 टक्के जोडलेली आहे. उरलेल्या 15 टक्क्यांत पुढचं चाक, हँडल, सीट, दोन्ही पायडल आणि ब्रेक निघाले. डावं पायडल मी पूर्ण ताकदीने उजवीकडे फिरवत होतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, हे सायकल विज्ञानातलं साधं सत्य मला ते पायडल तिरपं बसून घट्ट अडकल्यावर कळलं. मग सायकल मिस्त्रीकडे नेली.

आमचे मिस्त्री परकोटाच्या भिंतीलगत एका लिंबाखाली बसतात. त्यांनी आधी पायडल सोडवून सरळ केलं. मग सायकल उचलली, मागचं चाक हाताने फिरवलं, चाकासोबत पायडल गरगरले, आणि त्यांनी मान हलवली.

‘भाऊ, फ्रायव्हील जाम आहे.’

‘जाम नाही, ती तशीच असते.’

‘नवीन सायकलचे कुत्ते अटकले? वापस करा तुम्ही. हे चालाचं नाई.’

फ्रीव्हीलच्या आत दातांत अडकणाऱ्या बारक्या खिट्ट्या असतात, त्यांना मिस्त्री लोक कुत्ते म्हणतात. या सायकलीत कुत्ते मुळातच नाहीत, हे मी त्यांना समजावलं. पाय आणि चाक कसे बांधलेले आहेत, उलटा जोर लावून कसं थांबायचं, न्यूयॉर्क, जपान, सगळं सांगितलं. ‘सायकल आणि माणूस एक होतात’ हेही सांगितलं. त्यांनी बिडी विझवली.

‘म्हणजे मुद्दाम जाम केली?’

‘हो.’

‘पावसाळा सरला का खेड्यातले लोक अशाच सायकली घेऊन माह्याकडे येतात. आत चिखल जाते, जंग लागते, फ्रायव्हील जाम होते. मी रॉकेलनं धुऊन मोकळी करून देतो. अन् तुमाले जामच पायजे होती, त मले सांगाचं होतं. वेल्डिंग मारून दिली असती. पन्नास रुपये.’

इथे मात्र माझा अभ्यास कामी आला. वेल्डिंग केलेल्या फ्रीव्हीलवर उलटा जोर लावला की ते हबवरून आपसूक सुटून येतं. खऱ्या फिक्सीच्या हबला म्हणूनच दोन पायऱ्यांचे आटे असतात. चक्र सुलट्या आट्यांवर, आणि त्याच्यावरून लॉकरिंग उलट्या आट्यांवर. पाय मागे ओढला तर चक्र सैल व्हायला पाहतं आणि लॉकरिंग अधिक आवळतं. मिस्त्रींनी डोळ्याला चष्मा लावून लॉकरिंग पाहिलं, पान्याने चाचपलं आणि खरंच खूश झाले. ‘हे डोकं लावलं बाप्पा कोणीतरी,’ म्हणाले. मी असा फुललो की जणू ते डोकं माझंच होतं. मग त्यांनी चाक फिरवून दुसरी बाजू पाहिली.

‘अन् ह्या बाजूनं बी आटे काहून आहेत?’

‘फ्लिप-फ्लॉप हब आहे. चाक उलटं करून लावलं की त्या बाजूला साधं फ्रीव्हील बसतं.’

मिस्त्री थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे कंपनीले बी भरवसा नाई.’

सायकलीला दोन्ही ब्रेक होते. ते मी काढून ठेवायला सांगितले. ब्रेक असलेली फिक्सी पुतण्याच्या मते ‘प्युअर’ नव्हती. ब्रिटनमध्ये रस्त्यावर चालणाऱ्या फिक्सीला पुढचा ब्रेक कायद्याने सक्तीचा आहे, हे मी वाचलं होतं; पण ब्रिटिशांचं ऐकायचे दिवस 1947 मध्येच संपले. मिस्त्रींनी ब्रेक कागदात गुंडाळून माझ्या हातात दिले आणि म्हणाले, ‘फेकू नका.’

सपाट रस्त्यावर फिक्सी चालवणं खरोखर सुखाचं असतं. माझ्या सायकलीला पुढे 46 दात, मागे 16. पायडलच्या एका फेऱ्यात सायकल सहा मीटर जाते. साखळी ताणलेली, हलकी, एकही खडखड नाही. पायातला जोर थेट रस्त्यावर उतरतो. वसाहतीच्या आतल्या रस्त्यावर मी सकाळी चकरा मारायचो तेव्हा फिरायला आलेली मंडळी बाजूला होऊन बघत. त्यातला एक सेवानिवृत्त शेजारी रोज म्हणायचा, ‘छान आहे.’ त्याने ती कधी चालवायला मागितली नाही, एवढंच.

मग मी उड्डाणपुलावर गेलो.

चढ ठीक होता. वर पोचल्यावर सवयीने मी पाय थांबवले. सायकलीने ते मान्य केलं नाही. मागून पायडलने उजव्या पायाला असा धक्का दिला की मी सीटवरून वीतभर उचलला गेलो. उतार सुरू झाला. फिक्सीचं गणित साधं आहे. ताशी 20 किलोमीटरला पाय मिनिटाला पंचावन्न फेरे घेतात, ताशी 40 ला एकशेदहा. शिवाय पाय पायडलला पट्ट्यांनी बांधलेले होते, कारण उलटा जोर लावायचा तर पाय बांधलेले हवेत. मी उलटा जोर लावला. माझ्या बाजूने एक गुडघा, दुसरा गुडघा आणि एक इच्छाशक्ती होती. तिकडच्या बाजूने उतार होता. गुडघे आळीपाळीने पोटाला लागत होते. टाचा, चप्पल, चष्मा, सगळं आपापल्या वेगाने निघालं होतं.

यातला खरा अन्याय असा की बाहेरून हे दुःख दिसत नाही. साध्या सायकलीचा ब्रेक फेल झाला तर माणूस पाय पसरून ओरडतो, लोकांना कळतं. फिक्सीवर ब्रेक नसलेला माणूस जिवाच्या आकांताने पायडल मारताना दिसतो. पुलाखालच्या लाल दिव्यातून मी गेलो तेव्हा वाहतूक पोलिसाने शिट्टी वाजवली आणि ओरडला, ‘ओ काका, या वयात एवढी घाई कायची?’ मागून मोटारसायकलवरची दोन पोरं आली, बाजूबाजूने चालत ‘मारो मारो’ करून मला प्रोत्साहन देऊन गेली. पुढे रस्ता सपाट झाला, सायकलीचा जोर ओसरला आणि मी एका चहाच्या टपरीच्या खांबाला मिठी मारून थांबलो. त्याच संध्याकाळी कागदात गुंडाळलेला पुढचा ब्रेक मिस्त्रींनी बसवून दिला. त्यांनी काही विचारलं नाही. पान्याच्या प्रत्येक फेऱ्याला मात्र एकदा माझ्याकडे पाहिलं.

ब्रेक लागला, पण चेनकव्हर नव्हतंच. चेनकव्हर हा सायकलीचा नव्हे, पँटीचा भाग आहे. आमच्या पिढीचे लोक पँटीला चिमटा लावत, तेही मी सोडून दिलं होतं. बाजाराच्या दिवशी, गर्दीच्या वेळी, जटपुरा गेटच्या तोंडाशी माझ्या उजव्या पायाची पँट साखळीत गेली.

आता हे नीट समजून घ्या. साध्या सायकलीत पँट साखळीत गेली तर आपण पायडल उलटं फिरवतो, पँट बाहेर येते, काळा डाग घेऊन आपण घरी जातो. फिक्सीत पायडल उलटं फिरवायचं तर मागचं चाक उलटं फिरायला हवं, आणि मागचं चाक उलटं फिरायचं तर सायकल मागे जायला हवी. पँट पोटरीपर्यंत आत ओढली गेली होती. उजवा पाय साखळीने बांधलेला, डावा पाय मोकळा. मागे तीन ऑटो, एक शाळेची व्हॅन आणि केळीचा हातगाडा. सुटायचा मार्ग एकच, तो म्हणजे मागे.

हा दरवाजा गोंड राजांनी बांधलेल्या परकोटाचा. शत्रूच्या फौजा अडवाव्यात म्हणून उभा केलेला. कित्येक वर्षांत त्याने कोणाला अडवलं नव्हतं. त्या दिवशी ते काम मी एकट्याने करून दाखवलं. डाव्या पायावर उड्या मारत, सीट मागे ढकलत, इंच इंच मागे सरकत होतो, आणि साखळीतून पँट एकेक दाताने परत मिळत होती. मागच्या ऑटोवाल्याला मागे घ्यायला सांगावं लागलं, त्याने त्याच्या मागच्याला सांगितलं, आणि आदेश केळीच्या गाडीपर्यंत गेला. एक आजीबाई थांबून म्हणाल्या, ‘बाप्पा, उलटी सायकल शिकून राह्यला का?’ पँट सुटली तेव्हा तिच्यावर साखळीच्या सोळा-सतरा कड्यांचा शिक्का उठला होता. चंद्रपूरच्या रस्त्यावरची धूळ ही निम्मी कोळशाची असते आणि साखळीवरचं वंगण ती प्रेमाने धरून ठेवतं. तो डाग धुतल्यावर जात नाही, पसरतो.

शहर आपल्याला झेपत नाही, असं ठरवून मी जंगलाकडे वळलो. जुनोन्याचा रस्ता चांगला आहे, रहदारी कमी, दोन्ही बाजूंना साग आणि बांबू. फिक्सीचा सगळ्यात मोठा गुण इथे उपयोगी पडेल असं मला वाटलं. ती आवाज करत नाही. फ्रीव्हीलची टिकटिक नाही, मडगार्डची खडखड नाही, घंटी नाही. निसर्गाशी एकरूप व्हायला आणखी काय हवं?

हा विचार ताडोबाच्या आसपास राहणाऱ्या कोणत्याही शेतकऱ्याने ऐकला असता तर त्याने मला बसवून पाणी पाजलं असतं. महाराष्ट्रातलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, 1955 मधलं. वाघ आता उद्यानाच्या हद्दीत मावत नाहीत, बफरमध्ये आहेत, शेतात आहेत, औष्णिक वीज केंद्राच्या झुडपांत आहेत. मोहफुलं वेचायला किंवा तेंदूपत्ता तोडायला जाणारे लोक इथे एकटे जात नाहीत, चार जण मिळून जातात, मोठ्याने बोलत जातात, वाकून काम करताना एक जण उभा राहून नजर ठेवतो. वाघ असो, अस्वल असो की रानडुक्कर, त्याला आपली चाहूल आधी लागली तर तो बहुतेक वेळा बाजूला होतो. अचानक समोर गेलो तर दोघांचाही गोंधळ होतो आणि त्यात आपण हरतो. अशा मुलखात बिनआवाजाची सायकल घेऊन सकाळच्या धुक्यात शिरणारा मी बहुधा पहिलाच.

माझी गाठ वाघाशी पडली नाही. वनरक्षकाशी पडली. मी त्याच्या मागून गेलो आणि तो दचकून नालीत उतरला. वर आल्यावर त्याने मला बराच वेळ समजावलं. सारांश असा की आवाज करत जा, उजेडात जा, एकटे जाऊ नका, आणि शक्यतो जाऊच नका. मी घंटी घ्यायला बाजारात गेलो. पण हँडलचा दांडा जाड, नेहमीच्या घंटीची पट्टी त्यावर बसेना. मग मूल गावच्या बाजारातून गुरांच्या गळ्यात बांधतात ती घंटी आणली आणि सीटखाली लटकवली. पुढच्या रविवारी तोच वनरक्षक भेटला. लांबूनच आवाज ऐकून उभा होता.

‘हे काय लावलं भाऊ? गुराची घंटी?’

‘वाघाला चाहूल लागायला.’

‘चाहूल लागन ना. त्याले वाटन जेवण आलं.’

पोळ्याला आम्ही सासुरवाडीला गेलो. व्याहाड सोडून वैनगंगेचा पूल ओलांडला की गडचिरोली जिल्हा लागतो, तिथून आत त्यांचं गाव. साळ्याचा टेम्पो चंद्रपूरला माल घेऊन आला होता, त्यात सायकल टाकली. गडचिरोली हा 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळा झालेला जिल्हा, महाराष्ट्रातला सगळ्यात जास्त जंगलाचा. इथे सायकल हा छंद नाही. जिथे एस.टी. दिवसातून मोजक्या वेळा येते तिथे सायकल म्हणजे बाजार, दवाखाना, रेशन आणि शाळा. लोक तिच्यावर बांबूचे भारे नेतात, धानाचे कट्टे नेतात आणि नाल्याला पूर असला तर तिला खांद्यावर घेऊन पलीकडे जातात. मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलीसाठी सरकार पैसे देतं. माझ्या साळ्याच्या मुलीला अशीच सायकल मिळालेली, पुढे टोपली, मागे कॅरिअर.

जवाईबापू नवी सायकल घेऊन आले म्हणून गाव पाहायला जमलं. साळ्याने विचारलं, ‘भाऊजी, कॅरिअर पडलं का कुठं?’ मी म्हटलं, चला, शाळेपर्यंत चालवून दाखवतो. पोरगी पुढे निघाली, कॅरिअरवर तिची मैत्रीण. नाल्याच्या पुलाकडे उतार होता. त्या दोघींनी पाय थांबवले, टिकटिक करत, बोलत, एकीने ओढणी सारखी करत त्या उतरून गेल्या. मी त्यांच्या बाजूने मिनिटाला शंभर फेरे मारत, घाम गाळत, तेवढ्याच वेगाने चाललो होतो. पोरीने वळून पाहिलं आणि आदराने विचारलं, ‘काका, तुमची सायकल जड चालते का?’

परत येताना मी जवळची वाट घेतली, बांधीच्या धुऱ्यावरून. धानाच्या शेताचे हे धुरे हातभर रुंद, मध्ये खाचा. खाच आली की साध्या सायकलीवरचा माणूस दोन्ही पायडल समपातळीत धरतो आणि निघून जातो. फिक्सीत पायडल समपातळीत राहत नाही, ते त्याच्या वेळेला खाली जाणारच. उजवं पायडल मातीत रुतलं, मागचं चाक उचललं गेलं, पाय पट्ट्यात होते, आणि मी सायकलीसकट बांधीत गेलो. गुडघाभर चिखल, वर रोवलेला धान. सायकल आणि माणूस एक होतात, हे मला त्या वेळी पुरेपूर पटलं. दोघांना वेगळं करायला साळ्याला आणि त्याच्या गड्याला यावं लागलं. पोळ्याला बैलांच्या मानेवर जू ठेवत नाहीत. त्यांना धुतात, खांदे शेकतात, शिंगं रंगवतात, पुरणपोळी खाऊ घालतात. गावातले सगळे बैल त्या संध्याकाळी झूल पांघरून तोरणाखाली उभे होते आणि जुंपलेला असा मी एकटाच घरी येत होतो. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. लहान पोरं चाकांचे लाकडी बैल ओढत आली. त्या बैलांची चाकंही मोकळी फिरत होती.

चंद्रपूरला आल्यावर मी मिस्त्रींकडे गेलो आणि म्हटलं, थोड्या सुधारणा करू. पावसात मडगार्ड नसल्याने माझ्या प्रत्येक शर्टावर कमरेपासून कॉलरपर्यंत कोळशाच्या पाण्याची एक सरळ काळी रेघ उमटत होती. धोब्याने ती डिझाईन समजून सांभाळून ठेवली होती. ‘आधी मडगार्ड लावा,’ मी म्हटलं.

मिस्त्री मडगार्ड घेऊन सायकलीभोवती फिरले. पुढून पाहिलं, मागून पाहिलं, खाली वाकले.

‘भाऊ, इले भोकं नाईत.’

मडगार्डच्या तारा, कॅरिअरच्या पट्ट्या ज्या भोकांत आवळतात, ती फ्रेमच्या टोकाशी असणारी बारीक भोकं माझ्या सायकलीला नव्हती. वडिलांच्या अ‍ॅटलासला होती. साळ्याच्या पोरीच्या सायकलीला आहेत. ‘भोक पाडा,’ मी म्हणालो. ‘पाइप पातळ आहे, तुटते,’ ते म्हणाले. शेवटी क्लिपा, रबरं आणि तारा वापरून मडगार्ड बांधलं. कॅरिअर सीटच्या दांड्याला आवळलं. स्टँडसाठी पट्टी कापून आणली. मागचा ब्रेक बसला. घंटी हवी म्हणून हँडलच बदललं. आणि मग मिस्त्रींनी न विचारता मागचं चाक काढलं, उलटं केलं, त्या दुसऱ्या बाजूच्या आट्यांवर एक साधं फ्रीव्हील चढवलं आणि हवेत फिरवलं. टिकटिक टिकटिक. लिंबाखाली बसलेल्या सगळ्या गिऱ्हाइकांनी समाधानाने मान डोलावली.

या सगळ्यानंतर सायकलीचं वजन अ‍ॅटलासच्या जवळ गेलं आणि एकूण खर्च तिच्यासारख्या चार नव्या सायकलींएवढा झाला. रंग अजून पिवळा आहे. सौभाग्यवती तिच्यावर भाजी आणायला पाठवतात. पुतण्याने फोटो मागितला होता. मी फक्त हँडलचा पाठवला.

ज्यांना तरीही तयार, परवडणारी फिक्सी घ्यायची आहे त्यांनी माझ्या खर्चाने शिकून घ्यावं. मागचा हब फ्लिप-फ्लॉपच असू द्या आणि चक्रावर उलट्या आट्यांची लॉकरिंग आहे की नाही, ते स्वतः हात लावून पाहा. नसेल तर ती सायकल पाहून परत ठेवा. दोन्ही ब्रेक लावूनच घ्या आणि कोणी काहीही म्हणो, काढू नका. मागचं चाक जिथे बसतं ती खाच आडवी हवी, नाहीतर सैल साखळी ताणता येत नाही आणि फिक्सीत सैल साखळी उतरली तर चाक जागीच अडकतं. टायर 28 मिलिमीटरच्या वरचे घ्या, 32 मिळाले तर उत्तम; आपल्या रस्त्यांना बारीक टायर चालत नाही. दात पुढे 48 आणि मागे 16 असतील तर नकोच, कारण ब्रेकऐवजी पायाने चाक रोखणाऱ्याचा टायर एकाच जागी घासून भोक पडतं. 46 ला 16 किंवा त्याहून हलकं बरं. पँटीला चिमटा लावा. जंगलातून जायचं असेल तर उजेडी, सोबतीने आणि गप्पा मारत जा. आणि पैसे देण्याआधी फ्रेमची भोकं मोजा.

एवढं पाहून झालं की त्याच दुकानातली साधी काळी सायकल एकदा चौकापर्यंत चालवून या. ती स्वस्त असते आणि तिला सगळी भोकं असतात.